उकिरड्यावरचा वजीर

बुद्धप्रिया: हे काय आहे?

साहेबराव: बघितल्यावर कळंना का? एवढी शिकलीस, सरकारी गाडीतून आलीस, आन् मलाच इचारतीस व्हय.

बुद्धप्रिया: मला कळतंय. तुमच्या तोंडून ऐकायचंय.

साहेबराव: वजीरचं हाय. त्याचं... ते. खालचं.

बुद्धप्रिया: वृषण म्हणा. नाहीतर गावात म्हणतात तसं आंड म्हणा. मी जनावरांची डॉक्टर आहे काका, लाजायला आले नाही.

साहेबराव: बायामानसासमोर तोंड घान करायची आमच्यात पद्धत न्हाई. आन् काका कुनाला म्हनतीस? तुझी माय मालक म्हनती मला.

बुद्धप्रिया: माय म्हणते. तिच्या वेळचं तिच्यापाशी. मी काका म्हणते. तेही चालत नसेल तर नुसतं साहेबराव म्हणते.

कस्तुराबाई: म्हनू द्या की हो तिला काका. पहाटं वजीर गेला तवाधरनं घरात चूल पेटली न्हाई, आन् तुमी नात्यावरनं भांडायलाव.

साहेबराव: तू गप. तुझ्यामुळंच हा तमाशा. मालक मी, वळू माझा, आन् हिनं मला न इचारता दवाखान्यात फोन लावला.

बुद्धप्रिया: बरं केलं. काकू, फोनवर मी काय सांगितलं होतं?

कस्तुराबाई: कुनी हात लावू नका. सावली करा, गोनपाट भिजवून आंगावर टाका, मी निघालेच. तसंच सांगितलं मी ह्येंला, शब्दाला शब्द.

साहेबराव: आन् हरिओम म्हनला, तसलं काई चालत न्हाई. गरमीनं सडतं. लगेच काढायचं आन् बर्फात घालायचं. त्यानं मोबाईलवर बघितलं, परदेशात कसं करतेत ते.

बुद्धप्रिया: हरिओम म्हणजे तुमचे पुण्याचे जावई ना? ते काय करतात?

साहेबराव: कंपनीत हायेत. कंप्युटरचं.

बुद्धप्रिया: मग काय, त्यांना वळूतलं कळणारच. कापलं कुणी?

साहेबराव: रामकिशननं. बाजारात मटन इकतो त्यो. त्याच्यासारखा साफ हात तालुक्यात न्हाई.

बुद्धप्रिया: दिसतोय ना साफ हात. वरची कातडी सोललेली, कडेचं सगळं उडवलेलं, धुऊन पांढरंशुभ्र केलेलं. गिऱ्हाइकाला बोकडाचे कपुरे बांधून द्यायचेत जसे. आणि हे दगडासारखं कशानं झालं?

साहेबराव: मानिकप्पाच्या दुकानातल्या आइस्क्रीमच्या पेटीत ठिवलं होतं. त्यानं आइस्क्रीम काढून जागा केली. माझ्या एका शब्दावर.

बुद्धप्रिया: उपकार झाले माणिकप्पाचे. त्याला म्हणावं, आइस्क्रीम परत आत ठेव. हे कामाचं नाही.

साहेबराव: कामाचं न्हाई म्हंजी?

बुद्धप्रिया: म्हणजे ह्यातून एक वासरू होणार नाही.

साहेबराव: काय बोलतीस काय! माळेगावच्या जत्रंत लोकं वजीरच्या मागं उभं राहून बघायची. देवणी जातीत आसा ऐवज दुसरा न्हाई म्हनायची. फोटो काढायची.

बुद्धप्रिया: लोक फोटो काढायचे आणि तुम्ही मिशीवर हात फिरवायचात. मागून काय दिसतं तेवढंच तुम्हा सगळ्यांना ठाऊक. काका, बीज ह्या गोळ्यात तयार होतं हे खरं. पण इथून निघालेलं बीज म्हणजे नुकतं जन्मलेलं पोर. त्याला शेपूट असतं, हलवता येत नाही. गाईच्या पोटात सोडलं तर सोडल्या जागी पडून राहील. त्याला पोहायचं शिकायचं असतं. गाईचं बीज कुठलं, त्याला कसं चिकटायचं, हेही शिकायचं असतं.

साहेबराव: आन् ते शिकाया कुन्या शाळंत जातंय?

बुद्धप्रिया: हसा. ह्या गोळ्याच्या अंगाला चिकटून एक गुंडाळलेली नळी असते. वर तिचं डोकं, मग कडेकडेनं खाली उतरते आणि बुडाशी तिची गाठ होते. त्या गाठीला आम्ही शेपूट म्हणतो. पुस्तकात सगळ्या नळीला अधिवृषण म्हणतात. दोऱ्यासारखी बारीक, पण उलगडत नेली तर तुमच्या विहिरीच्या तळाला जाऊन वर येईल. बीज त्या नळीतून सरकत सरकत जातं. आठवडा जातो, कधी जास्त. वाटेत अंगावरचं काही गळून पडतं, काही नवं चढतं. खालच्या गाठीत पोचेपर्यंत ते जाणतं झालेलं असतं. मग तिथंच दाटीवाटीनं साठून राहतं, वळू गाईवर चढेपर्यंत.

कस्तुराबाई: आन् वळू मेला तर?

बुद्धप्रिया: वळू मेला म्हणून ते लगेच मरत नाही काकू. थंडाव्यात राहिलं तर दिवसभर जगतं, दुसऱ्या दिवशीसुद्धा सापडतं. थंडाव्यात म्हणजे बर्फात नाही. बर्फानं गोठलं की संपलं. मी त्या गाठीसाठी गाडी पळवत आले.

साहेबराव: ती... लिबलिबीत, आतड्यावानी गाठ?

बुद्धप्रिया: तीच. कुठं आहे?

साहेबराव: रामकिशननं काढून टाकली.

बुद्धप्रिया: का?

साहेबराव: त्यो म्हनला, हे कचरा हाय, हे कुनी खात न्हाई.

बुद्धप्रिया: कुणी खात नाही म्हणून! वा रे रामकिशन! आणि तुम्ही बघत उभे होता?

साहेबराव: मला काय ठावं! मला बी कचराच वाटला. एवढा मोठा गोळा सोडून त्या चिंधीत जीव आसंल आसं कुनाच्या मनात येईल?

बुद्धप्रिया: तुमच्या नाही येणार. तुम्हाला मोठं दिसतं तेवढंच दिसतं. जिंदगीभर ज्याचे फोटो काढले ते धुऊनपुसून पेटीत ठेवलं, आणि ज्याच्यात वजीर होता ते फेकलं. कुठं फेकलं?

साहेबराव: उकिरड्यावर.

बुद्धप्रिया: शाबास.

साहेबराव: ए, तोंड सांभाळून बोल. माझ्या गोठ्यात उभी हाईस.

बुद्धप्रिया: तुमच्या गोठ्यात किती वर्षं येत होते काका? आठवा जरा. दर वर्षी दिवाळीनंतर येत होते. वजीरचं वीर्य काढू द्या, साठवून ठेवू, असला वानेरा आता राहिला नाही. अंग पांढरं, तोंड काळं, खांदा असा. तुम्ही काय म्हणायचात?

साहेबराव: म्हनलो आसंल काई.

बुद्धप्रिया: 'माझा वजीर रबराच्या गाईवर चढनार न्हाई.' गोठ्यात बसलेल्या चार माणसांना हसवून म्हणायचात. मी फाटकातून बाहेर पडेपर्यंत हसू ऐकू यायचं. 'सुईवाली आली, सुईवाली गेली.'

साहेबराव: मंग? जितं जागतं जनावर आसताना नळीतलं थंडगार बीज कुनाला पाहिजे? ते काय बीज हाय? त्याला ना रग, ना मस्ती.

बुद्धप्रिया: आता ना रग राहिली, ना मस्ती, ना नळी. आणि वजीरची गोऱ्ही? एक तरी वळू म्हणून ठेवलं?

कस्तुराबाई: न्हाई ठिवलं. मी म्हनत होते, वनमाला गाईचं गोऱ्हं ठिवा, बापावर गेलंय. ह्येंनी खच्ची करून बैल केला न् हाळीच्या बाजारात इकला.

साहेबराव: पंचक्रोशीत दोन वानेरे झाले आसते तर वजीरला कोन इचारनार होतं?

बुद्धप्रिया: ऐकलंत काकू? पोटच्या पोराची भीती वाटावी तशी ह्यांना वजीरच्या पोराची वाटली. त्या वळूचं घराणं ह्यांनीच संपवलं. सोयाबीनच्या राशीनं पहाटे नुसतं शेवटचं काम केलं.

कस्तुराबाई: रातचं दावं तोडलं गं त्यानं. राशीत तोंड घातलं. पहाटं बघितलं तर पोट नगाऱ्यावानी. माझ्याकडं बघत बघत गेला.

साहेबराव: बास. रडू नको हिच्यासमोर.

बुद्धप्रिया: रडू द्या. घरात कुणीतरी त्याला जनावर समजून रडतंय. तुमचा तर नुसता दिमाख गेलाय.

साहेबराव: आलीस मोठी शिकवाया! तुला कशाचा येवढा राग हाय ते ठावं हाय मला. त्या गाईचं आजून धरून बसलीस.

बुद्धप्रिया: धरून बसणारच. माझ्या मायची गाय माजावर आली होती. मी बारावीला होते. माय आणि मी तिला भर उन्हात हाकत तुमच्या फाटकापर्यंत आणली. तुम्ही ओट्यावरून उठलातसुद्धा नाही. बसल्या जागेवरून म्हणालात...

कस्तुराबाई: बुद्धप्रिया, जाऊ दे माय.

बुद्धप्रिया: 'तिकडच्या गाईवर माझा वजीर चढनार न्हाई.' गाय तिकडची, काका! गाईला तिकडची-इकडची कळत होतं का? वजीर आतून हंबरत होता. दावं तोडायला निघाला होता. त्याला काहीच अडचण नव्हती, अडचण तुम्हाला होती. मायनं खाली मान घालून गाय परत फिरवली. त्या दिवशी डॉक्टर व्हायचं ठरवलं वगैरे काही नाही हं. नुसता राग आला. तो अजून आहे.

साहेबराव: मी घालून दिलेली रीत न्हाई ती. बापजाद्यापास्नं चालत आलंय.

बुद्धप्रिया: हो का? आणि आज सकाळी भीमनगरात निरोप कुणी धाडला? तोही बापजाद्यांनीच?

साहेबराव: तुला कुनी सांगितलं?

बुद्धप्रिया: चुलत्याचा फोन आला वाटेत. हसत होता. 'साहेबरावांचा माणूस आला होता, वजीर गेला म्हणून सांगत होता.' नुसतं गेला म्हणून सांगितलं. पुढचं आपलं आपण समजून घ्यायचं, दोर घेऊन यायचं.

साहेबराव: आता गाववाल्याला कळवायचं बी न्हाई का? कुनी आलं न्हाई तर न्हाई. जेसीबी सांगितलाय मी.

बुद्धप्रिया: माझ्या आज्यानं छप्पन साली मेलेलं ढोर ओढायचं सोडलं. तुमच्या घरातली किती पिढ्यांची पोरं शाळेत गेली, कॉलेजात गेली, जावई कंप्युटरवर बसला, आणि ही एवढी खबर अजून तुमच्या ओट्यापर्यंत पोचली नाही.

साहेबराव: एवढं हाय तर मंग तू कामून आलीस? आज्यानं सोडलं, चुलता येत न्हाई, आन् तू मातर पळत आलीस. मेल्या ढोराला हात लावायाच आलीस की न्हाई?

कस्तुराबाई: आहो, जिभंला काई हाड?

बुद्धप्रिया: थांबा काकू. उत्तर देते. हाव, आले. मेल्या ढोराला हात लावायलाच आले. आज्याला लावावाच लागत होता, न्हाईतर गावात राहू दिलं नसतं तुमी. मला लावायचा का न्हाई, ते मी ठरवते. त्याला पाच वर्षं शिक्षन घेतलंय मी. आन् आता ठरवलं न लावायचं, तर माझी औषधाची पेटी उचलून गाडी फिरवीन, आन् तुमी ह्या आइस्क्रीमसमोर बसा रडत. चालंल?

साहेबराव: जा मंग. आता राहिलंय काय न्यायला? उकिरड्यावर कुत्री, कावळे. सकाळची गोष्ट हाय ती.

कस्तुराबाई: जाऊ नको बाई. वाईच थांब. मी आनते.

साहेबराव: तू काय आनतीस?

कस्तुराबाई: रामकिशननं फेकलं ना, मी उचललं. एकच घावलं. दुसरं कावळ्यानं पळवलं, मी धोंडा मारेस्तोवर.

बुद्धप्रिया: काकू! कुठं आहे?

कस्तुराबाई: न्हानीच्या अंगाला माठ हाय ना, त्याच्या बुडाच्या वल्ल्या वाळूत पुरलंय. दह्याच्या डब्यात. कुत्रं येऊ नये म्हून वर झाकन, झाकनावर पाटा.

साहेबराव: आगं ए, अक्कल हाय का तुला? मेल्या जनावराचं आतडं पान्याच्या माठाखाली! उचललंस कशाला?

कस्तुराबाई: तुमी त्याला तोडून अपुरं करून ठिवलं. मातीत जाताना आख्खा तरी जाऊ दे म्हनलं. ह्या पेटीतलं तुमी मागं देनार न्हवताव, म्हून जे घावलं ते ठिवलं. खड्ड्यात त्याच्यासंगं ठिवनार होते. घे बाई. हा बघ डबा.

बुद्धप्रिया: काकू, एक सांगा. धुतलं का हे? पाणी लागलं का ह्याला?

कस्तुराबाई: न्हाई बाई. शेन लागलं होतं ते पदरानं पुसलं. आंघूळ मातीत ठिवताना घालनार होते, हळद लावून.

बुद्धप्रिया: घातली नाही हे बरं झालं. साधं पाणी आत गेलं असतं तर बीज फुगून मेलं असतं. डबा गार आहे. आणि बघा, वरचा पडदा कुठं फाटलेला नाही. गाठ भरलेली आहे. काकू, ओट्यावर जागा करा. गाडीतून मायक्रोस्कोप आणते.

साहेबराव: आता हिथं ओट्यावर फाडनार व्हय?

बुद्धप्रिया: सगळं लातूरच्या लॅबमध्ये काढायचं. इथं एक थेंब बघते. आत मेलेलं असेल तर डबा काकूंना परत देते, त्यांची हळद तरी लागेल. काकू, ही बाटली तळहातात धरा. अंगाच्या उबेवर यायला पाहिजे.

कस्तुराबाई: आन. हे पिवळं काय हाय?

बुद्धप्रिया: अंड्याचा बलक, साखर, आणि थोडं औषध.

साहेबराव: कोंबडीचं अंडं? वजीरला तुपातले लाडू चारले आमी. बैलपोळ्याला त्याला पुरनपोळी आधी, मंग घरच्याला. आन् तू त्याला कोंबडीच्या अंड्यात बुडवतीस?

बुद्धप्रिया: लाडू खाऊन तो मेला का जगला? ह्यात जगतो का ते बघू. हं. या, बघा. एक डोळा मिटा, दुसरा इथं लावा. हात लावू नका, नुसतं बघा.

साहेबराव: गव्हाचा भुस्सा सांडल्यावानी दिसायलंय.

बुद्धप्रिया: तेच. हलतंय का काही?

साहेबराव: काईच न्हाई. गच्च भरलंय, पन एक बी हलंना. मेलंय समदं. हे दाखवाया बोलावलंस व्हय? एवढी भाषणं ठोकून हे मेलेलंच दाखवलंस शेवटी. मी म्हनलोच होतो, सरकारी मानसाच्या हातात काई...

बुद्धप्रिया: झालं बोलून? गाठीत असताना ते हलत नाही काका. निजून असतं. तिथंच हातपाय मारत बसलं असतं तर कधीच दमून संपलं असतं. ताकद राखून ठेवायची, म्हणून निजवलेलं असतं. एवढं सुद्धा न बघता मेलं म्हणून मोकळे. जनावर असो का माणूस, तुमचा निकाल आधीच ठरलेला. काकू, बाटली द्या. आता ह्या थेंबात हा थेंब. बसा. घाई करू नका.

कस्तुराबाई: जागं होईल का बाई?

बुद्धप्रिया: माहीत नाही काकू. सकाळपासून त्याचे हाल झालेत. उन्हात कापलं, उकिरड्यावर पडलं. माझ्या हातात आता काही नाही.

कस्तुराबाई: आई येडाई, एक तरी हलू दे.

बुद्धप्रिया: ...काका. या.

साहेबराव: आता काय बघायचं?

बुद्धप्रिया: या म्हणते ना.

(साहेबराव पुन्हा वाकून डोळा लावतात.)

साहेबराव: कस्तुरा.

कस्तुराबाई: काय हो?

साहेबराव: हलायलेत.

कस्तुराबाई: खरं?

साहेबराव: समदे न्हाईत. पन लई हायेत. एक त्यो कोपऱ्यातनं निघालाय, सरळ. मधी येईल त्याला ढुसनी मारून राहिलाय. वजीर दाव्यातनं सुटला की आसाच... आसाच निघायचा बघ. कुनाला वाट द्यायचा न्हाई.

कस्तुराबाई: सरका. मला बघू द्या.

साहेबराव: थांब गं, जरा थांब.

बुद्धप्रिया: काका, काकूंना बघू द्या. तुम्ही उकिरड्यावर टाकलेलं त्यांनी उचललंय.

कस्तुराबाई: आगं माय माय माय. एवढाले बारीक. ह्यातनं व्हतो का गं एवढा डोंगर?

बुद्धप्रिया: ह्यातल्या एकातून होतो. सगळे चांगले नाहीत काकू, पण निम्म्याच्या आसपास चालतायत. आज लॅबला पोचलं तर बऱ्याच नळ्या भरतील. नळ्या नायट्रोजनच्या टाकीत गेल्या की मग वर्षानुवर्षं चिंता नाही.

साहेबराव: ठीक हाय. भर मंग नळ्या. आन् हिथं आनून दे. माझ्या गाई हायेत, वनमाला हाय, तिच्या दोन कालवडी हायेत. बाकी कुनाला द्यायच्या ते मी ठरवीन.

बुद्धप्रिया: तुम्ही?

साहेबराव: मंग कोन? वळू माझा.

बुद्धप्रिया: वळू तुमचा होता तेव्हा तुम्ही ठरवत होता. नळी दवाखान्यात जाते काका. ज्याची गाय माजावर आली, तो येतो, त्याला मिळते. चाकूरचा येईल, मुदखेडचा येईल. आणि भीमनगरचाही येईल.

साहेबराव: ते जमनार न्हाई.

बुद्धप्रिया: काय जमणार नाही?

साहेबराव: बाकी कुठं बी दे. लांब दे, नांदेडला दे, मला दिसनार न्हाई. पन ह्या गावात, ह्या डोळ्यासमोर, तिकडं वजीरचं वासरू बांधलेलं... न्हाई. लोकं हसतील.

बुद्धप्रिया: आत्ता डोळ्यात पाणी आलं होतं ना तुमच्या?

साहेबराव: ते येगळं.

बुद्धप्रिया: ह्या काचेवरून बघून सांगा, ह्यातला कोणता तिकडं जाणार नाही म्हणतोय. दाखवा बोट. त्याला बाजूला काढून तुम्हाला देते.

साहेबराव: तू मला शिकवू नको.

बुद्धप्रिया: नाही शिकवत. शिकायचं वय गेलं तुमचं, आणि तुम्हाला शिकवून माझा दिवस वाया जातो. तुमची परवानगी नसेल तर मी हे नेऊ शकत नाही. हा डबा, हे झाकण. उकिरडा तिकडं आहे. रामकिशनला बोलवू, का तुम्हीच टाकता? लवकर सांगा. ऊन चढतंय. हे तुमच्यासाठी थांबणार नाही.

कस्तुराबाई: त्येंना इचारू नको बाई.

साहेबराव: कस्तुरा, मधी बोलू नको.

कस्तुराबाई: बोलनार. वजीर कुनाचा हाय म्हनलाव? माझ्या लग्नात बापानं आंदन म्हून गाय दिली होती. तिची लेक, त्या लेकीची लेक, तिचा वजीर. तुमच्या घरानं तिला दावनीला जागा दिली आन् वैरन घातली. गाय माझी होती. आंदनावर सासरचा हक्क नसतोय, हे तुमच्या आईनंच सांगितलं होतं मला. आजवर कधी म्हनले न्हाई, कारन आजवर कुनी मला इचारलं न्हाई. आज हिनं इचारलं तर तुमाला इचारलं. ने बाई. मी देते. कुनाला बी घाल.

साहेबराव: लोकांत माझी काय इज्जत राहील?

कस्तुराबाई: सकाळी आंगनात त्याला बोकडावानी कापला, तवा राहिली का? समदं गाव बघत होतं.

बुद्धप्रिया: काकू, येते मी. डबा तुमचाच नेते, दवाखान्यातून परत पाठवते.

कस्तुराबाई: डब्याचं काय येवढं. आन् आईक. तुझ्या मायकडं आजून गाय हाय का?

बुद्धप्रिया: आहे. त्याच गाईची लेक आहे. परत फिरवली होती त्या गाईची.

कस्तुराबाई: माजावर कवा येती?

बुद्धप्रिया: येईल ह्याच महिन्यात. का?

कस्तुराबाई: पहिली नळी तिला घाल. आन् तुझ्या मायला, नागुबाईला सांग, कस्तुरानं आंदन धाडलंय म्हनावं.

बुद्धप्रिया: सांगते. काका, निघते. वजीरला पुरताना चुना टाका, आणि खड्डा विहिरीपासून लांब घ्या.

साहेबराव: ऐकलं. ए.

बुद्धप्रिया: काय?

साहेबराव: तुझ्या मायला म्हनावं, गाईला आत्तापास्नं सरकीची पेंड घाल. सोयाबीनला तोंड लावू देऊ नको.